दुरून डोंगर साजरे, पण नेमके किती दुरून?

टेबलावरच्या छोट्याशा रेल्वेच्या फलाटावर एक माणूस उभा आहे. उंची आठ मिलिमीटर. शर्टाला बटणं नाहीत, हाताला बोटं नाहीत, तोंडाच्या जागी कातडीच्या रंगाचा एक ठिपका. तरीही बघणाऱ्याला चटकन कळतं की हा गाडीची वाट बघतोय आणि बराच वेळ झाल्यामुळे कंटाळलाय. एक पाय जरा पुढे, मान रुळांकडे वळलेली, एवढंच. त्याच्या शेजारी दुसरा माणूस आहे. त्याला रंगवणाऱ्याने हौसेने डोळे काढलेत, मिशी काढलीय, पट्ट्याला सोनेरी बक्कलसुद्धा लावलंय. हा मात्र माणूस वाटतच नाही. रंगात बुडवलेली टाचणी वाटते.

या दोघांत जो फरक आहे तोच झाडाला लागू आहे, दगडाला आहे, नदीला आणि घराच्या छपरालाही आहे. इतक्या लहान प्रमाणात काम करताना आपण वस्तू बनवत नसतो, अंतर बनवत असतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे बरेचसे प्रश्न साध्या गुणाकार-भागाकाराने सुटतात. ते बसलं नाही तर तीन केसांचा ब्रश आणूनही उपयोग नाही.

आधी मापं बघू. मॉडेल रेल्वेत दोन आकडे असतात आणि नवखी मंडळी त्यांचा घोळ घालतात. एक प्रमाण, म्हणजे खरी वस्तू किती पटीने लहान केली ते. दुसरं गेज, म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. खऱ्या रेल्वेचं स्टँडर्ड गेज १,४३५ मिलिमीटर. त्याला १६० ने भागलं की ९ मिलिमीटर येतात, हा एन स्केल. तो १९६० च्या दशकात जर्मनीतल्या आर्नोल्ड कंपनीने रुळावर आणला. २२० ने भागलं की साडेसहा, हा झेड. तो मेर्कलिन कंपनीने १९७२ साली आणला आणि मुळाक्षरांतलं शेवटचं अक्षर त्याला देऊन टाकलं; याहून लहान कोण बनवणार, असा त्यामागचा हिशेब. तो चुकला. २००६ मध्ये जपानच्या एइशिंदो कंपनीने १:४५० चा टी गेज दाखवला, तीन मिलिमीटर रुंदीच्या रुळांचा. त्यातला माणूस चार मिलिमीटरचासुद्धा भरत नाही.

बघणारा कुठे उभा आहे?

आता लेआउटसमोर, म्हणजे रूळ आणि आजूबाजूचा सगळा देखावा मांडलेल्या फळीसमोर, उभे राहा. डोळा आणि रूळ यांच्यात साधारण ६० सेंटिमीटर अंतर पडतं. झेडमध्ये ६० सेंटिमीटर म्हणजे १३२ मीटर. एनमध्ये ९६ आणि टीमध्ये २७०. म्हणजे झेडच्या लेआउटकडे बघणारा माणूस खऱ्या जगात असता तर रुळांपासून १३२ मीटरवरच्या उंच गच्चीवर उभा असता. त्याला तिथून जे दिसलं असतं तेवढंच आपल्याला बनवायचं आहे.

तेवढंच म्हणजे किती, तेही काढता येतं. धडधाकट डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखता येतो. साठ सेंटिमीटरवर हा कोन होतो ०.१७ मिलिमीटर. झेडसाठी त्याला २२० ने गुणा, उत्तर ३८ मिलिमीटर. म्हणजे खऱ्या जगात चार सेंटिमीटरपेक्षा लहान असलेली कुठलीही गोष्ट झेडच्या लेआउटवर मुळात दिसायलाच नको. दाराची कडी, रूळ स्लीपरला, म्हणजे खालच्या आडव्या पट्टीला, आवळणारा बोल्ट, विटांच्या मधला सांधा, सगळं रद्द. विटांचा सांधा खऱ्या भिंतीत एखाद्या सेंटिमीटरचा असतो. झेडच्या घरावर तो ठळक दिसावा म्हणून ०.२ मिलिमीटरचा कोरला, तर आपण भिंतीला चार-साडेचार सेंटिमीटरच्या भेगा पाडल्या. बघणाऱ्याला हा हिशेब माहीत नसतो, पण घर खेळण्यातलं आहे हे त्याला लगेच कळतं.

याला एक अपवाद आहे. उजळ पार्श्वभूमीवरची काळी बारीक रेघ डोळ्याला या मर्यादेच्या आतही दिसते. म्हणून लांबवरची विजेची तारही आभाळासमोर ओळखू येते. विजेवरच्या गाड्यांचा लेआउट असेल तर तारा गाळून चालत नाही. मात्र मिळेल तितकी बारीक तार घ्यावी आणि ती काळी न रंगवता राखाडी रंगवावी.

काय आकसतं आणि काय आकसत नाही

सगळं जग एकाच प्रमाणात लहान करता येत नाही. खरी मेख इथे आहे.

दगडाला स्वतःचं माप नसतं. भूगर्भशास्त्रज्ञ कड्याचा फोटो काढताना शेजारी हातोडी ठेवतात ते याचसाठी. हातोडी नसेल तर तो कडा वीस मीटरचा की वीस सेंटिमीटरचा, फोटोवरून सांगता येत नाही. मोठ्या कड्याला जशा भेगा असतात तशाच त्याच्या तुकड्याला असतात आणि तुकड्याच्या तुकड्यालाही. ही निसर्गाने आपल्याला दिलेली आयती सूट आहे. कोळशाचा ढेकूळ, जुन्या झाडाची साल, फोडलेला प्लास्टरचा गोळा, काहीही लेआउटवर कड्यासारखं दिसतं. नऊ सेंटिमीटरचा ढलपा झेडमध्ये वीस मीटरचा कडा होतो, आणि रंगाने साथ दिली तर कुणाला शंकाही येत नाही.

पाण्याचं उलटं आहे. थेंब कितीही लाडीगोडी लावली तरी लहान होत नाही, कारण त्याचा आकार पृष्ठताण ठरवतो. चार मिलिमीटरचा थेंब झेडमध्ये ८८ सेंटिमीटरचा गोळा असतो. गुरुत्वाकर्षणही आपल्या प्रमाणाला जुमानत नाही. दहा मीटरचा धबधबा खाली यायला खरं तर जवळजवळ दीड सेकंद लागतो. झेडमध्ये तो साडेचार सेंटिमीटरचा होतो आणि तिथून पडणारं खरं पाणी सेकंदाच्या दहाव्या भागात खाली पोचतं. पंधरा पटीने जलद पळवलेल्या चित्रफितीसारखं ते दिसतं. लेआउटवर खरं पाणी सोडायची कल्पना दर काही दिवसांनी कुणाला तरी सुचतेच. सोडू नका. विजेचा भाग तर वेगळाच.

झाड या दोन्हींच्या मधलं. फांद्यांची रचना थोडीफार दगडासारखी असते, छोटी काटकी मोठ्या फांदीची नक्कल करते. पण पानाला मात्र ठरावीक आकार असतो आणि तिथे सोंग उघडं पडतं.

जमीन आधी, रूळ नंतर

नवशिक्याचा लेआउट कसा ओळखावा? सपाट फळी, फळीवर रूळ, आणि कोपऱ्यात पालथी टोपी ठेवल्यासारखा एक डोंगर, त्यातून आरपार बोगदा. हा डोंगर बोगद्यासाठी जन्माला आलाय हे लपत नाही. खऱ्या जगात डोंगर आधीपासून असतो आणि रेल्वेचे इंजिनियर त्याला वळसा घालून, कुठे खोदून, कुठे भराव घालून वाट काढतात. म्हणून लेआउटची जमीन रुळाच्या वर जितकी जाते तितकीच खालीही गेली पाहिजे. रुळाशेजारी नुसता दोन सेंटिमीटरचा उतार खाली गेला आणि तिथे एखादी मोरी आली, की सपाट फळीचा भास निम्मा संपतो.

यासाठी एक्सपीएस फोमच्या, म्हणजे थर्माकोलच्या जातीच्या पण दाट पाट्या उत्तम. थर एकमेकांवर चिकटवायचे आणि चाकूने उतार कापत जायचं. तापलेल्या तारेने कापणार असाल तर खिडक्या उघड्या ठेवा, धूर चांगला नसतो. आणि गोंद पाण्यातलाच हवा. मी पहिल्या वेळी दिसेल तो तीव्र वासाचा गोंद लावला आणि रात्री झोपले. सकाळी टेकडीच्या पोटात बोगदा आपोआप तयार होता, फक्त नको त्या जागी. तसल्या गोंदातलं द्रावण हा फोम खाऊन टाकतं.

उतार किती ठेवायचा यात लोक फार चुकतात. सुटी माती साधारण ३० ते ३५ अंशांच्या उतारावर स्थिरावते. त्याहून उभी केली तर ती घसरते, म्हणून तिथे खडक तरी दिसला पाहिजे नाहीतर दगडी भिंत. लेआउटवर साठ अंशांचे हिरवेगार उतार सर्रास दिसतात. जागा वाचते हे खरं, पण डोळ्याला ते खटकतं. रेल्वेचा भराव साधारण असा असतो की एक मीटर उंचीला दीड ते दोन मीटर आडवे जातात. म्हणजे तीन सेंटिमीटरच्या भरावाला दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर सोडायला हवेत. तेवढी जागा नसेल तर भराव टाळून कमानींचा पूल घालावा. खरे इंजिनियरही जागेची अडचण आली की हेच करतात.

चढाचंही तसंच. शंभराला दोन हा रेल्वेसाठी चांगलाच चढ झाला. एनमध्ये एका रुळावरून दुसरा नेण्यासाठी पाच सेंटिमीटर उंची धरली, तर या चढाने अडीच मीटर लांबी लागते, आणि उतरायला पुन्हा तेवढीच. यातली पळवाट सोपी आहे. वरचा रूळ अडीच सेंटिमीटर चढवा आणि खालचा अडीच उतरवा, लांबी निम्मी होते. पण खालचा उतरवायचा तर फळीच्या खाली जागा हवी. जमीन आधी ठरवा असं म्हणते ते यासाठीही.

आणि वळणं. इथे प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळेच फसवतात. झेडचं १९५ मिलिमीटर त्रिज्येचं नेहमीचं वळण खऱ्या जगात ४३ मीटरचं होतं. मुख्य मार्गावर वळणाची त्रिज्या कित्येकशे मीटर असते. पाचशे मीटरचं वळण झेडमध्ये सव्वादोन मीटर त्रिज्येचं होईल, आणि ते ठेवायला दालन हवं. म्हणून टोकाची वळणं बोगद्यात, दाट झाडीत किंवा खोल खोदाईत दडवायची आणि समोरच्या दर्शनी भागात रूळ सरळ न ठेवता अगदी किंचित, लांबलचक वळणाचा टाकायचा. तो एकच मोठा बाक बघणाऱ्याच्या मनात सगळ्या मार्गाचं माप ठरवून टाकतो.

वस्त्रगाळ खडी

रुळांखालची खडी घालणं हे या छंदातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात जास्त फळ देणारं काम. इथे जरा रेंगाळते.

खरी खडी साधारण तीन ते सहा सेंटिमीटरची. झेडमध्ये ती ०.१४ ते ०.२७ मिलिमीटर होते. हातात घेतली तर बारीक वाळू किंवा भुकटी. अर्ध्या मिलिमीटरचा कण नजरेला बारीक वाटतो, पण झेडमध्ये तो ११ सेंटिमीटरचा धोंडा असतो. म्हणून चाळणीने भागत नाही, पातळ कापडातून गाळावं लागतं. औषधी चूर्णासाठी आपण वापरतो तो वस्त्रगाळ शब्द इथे तंतोतंत लागू पडतो.

ही भुकटी रुळांमध्ये पसरून मऊ, रुंद ब्रशने सारखी करायची. मग रुळावर बोटाने हलकेच टिचक्या मारल्या की स्लीपरच्या पाठीवर बसलेले कण खाली सरकतात. हे इतपत जमतं. यापुढे चिकटवताना घात होतो. पांढरा गोंद पाण्यात पातळ करून वरून थेंब सोडला की कोरडी भुकटी तो आत घेत नाही. थेंब गोळी होऊन वर बसतो, भुकटीची साय त्याच्यावर चढते आणि तो फुटला की खाली बॉम्ब पडल्यासारखा खड्डा. तीन मिलिमीटरचा थेंब म्हणजे झेडमध्ये ६६ सेंटिमीटरचा, खड्डा पडेल नाहीतर काय.

उपाय असा. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल बारीक फवाऱ्याने मारायचं, पण थेट रुळावर न मारता हवेत मारून त्याचा तुषार खाली बसू द्यायचा. अल्कोहोलचा पृष्ठताण पाण्यापेक्षा बराच कमी, त्यामुळे ते भुकटीत मुरतं आणि मागून येणाऱ्या गोंदाला वाट करून देतं. गोंदात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा. मग ड्रॉपरचं टोक खडीच्या बाहेरच्या कडेला टेकवायचं आणि तसंच धरून ठेवायचं. गोंद आपणहून आत ओढला जातो. खडीचा रंग गडद होत होत पुढे सरकताना दिसतो, शाईचा डाग टिपकागदावर पसरावा तसा. रूळ बदलायच्या सांध्याजवळ पोचलं की हात आवरायचा. तिथली हलणारी पट्टी एकदा चिकटली की दुपार गेली म्हणून समजा.

अजून एक. वाळू किंवा मातीची भुकटी वापरण्याआधी तिच्यातून चुंबक फिरवाच. मी एकदा नदीकाठची काळसर वाळू वस्त्रगाळ करून घातली. दिसायला झकास. तिसऱ्या दिवशी इंजिन कुरकुरायला लागलं. उघडलं तर मोटरच्या चुंबकाला काळ्या कणांची दाढी आलेली. टी गेजमध्ये हा धोका आणखी मोठा, कारण त्या गाड्यांची चाकंच चुंबकीय असतात. एवढ्या हलक्या गाडीला पोलादी रुळावर पकड त्यामुळेच मिळते.

गवत आणि झाडं

उभं गवत पेरायचं यंत्र म्हणजे मुळात एक चाळणी आणि तिला जोडलेला उच्च दाबाच्या विजेचा स्रोत. चाळणीत नायलॉनचे बारीक तंतू. यंत्राची दुसरी तार ओल्या गोंदात रोवलेल्या खिळ्याला. चाळणी हलवली की तंतू विद्युतभारित होतात, एकमेकांना दूर लोटतात आणि गोंदाकडे ओढले जाताना विद्युत क्षेत्राच्या दिशेने ताठ होऊन सुईसारखे उभे घुसतात. पहिल्यांदा बघताना जादूच वाटते.

या जादूपायी लोक गवत वाढवून ठेवतात. चार मिलिमीटरचा तंतू झेडमध्ये ८८ सेंटिमीटर होतो, माणसाच्या कमरेच्या जवळपास. रुळाकडेच्या रानटी पट्ट्यात ते शोभेल, घरासमोर नाही. एक मिलिमीटर म्हणजे २२ सेंटिमीटर, इतपत ठीक. आणि कापलेली हिरवळ पाच सेंटिमीटरची असते, तिचं झेडमध्ये पाव मिलिमीटरही होत नाही. तिथे यंत्र बाजूला ठेवून हिरवा-मातकट रंग आणि त्यावर फोमची भुकटी. गवत कधी एकाच रंगाचं घेऊ नका. दोन-तीन छटा चाळणीत अर्धवट मिसळा, पूर्ण नको.

झाडांच्या बाबतीत चूक उलट्या दिशेने होते. वीस मीटरचं झाड खऱ्या जगात काही फार मोठं नाही. झेडमध्ये ते नऊ सेंटिमीटरचं होतं, एनमध्ये साडेबारा. शेजारून जाणारं इंजिन झेडमध्ये दोन सेंटिमीटर उंच. एवढं मोठं झाड लावायला हात धजत नाही आणि सगळे चार सेंटिमीटरवर थांबतात. मग रेल्वे झुडपांतून चालल्यासारखी वाटते. सगळी झाडं पूर्ण मापाची केली तर छोटा लेआउट झाकून जाईल हे मान्य. माझा तोडगा असा की समोर दोन-तीन झाडं खऱ्या मापाची लावायची, बाकीची हळूहळू लहान करत मागे न्यायची.

पान बनवायचा प्रश्नच नाही. दहा सेंटिमीटरचं पान झेडमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. शंभर मीटरवरून आपल्याला पान दिसत नाही, पानांचे पुंजके दिसतात, आणि पुंजक्यांच्या मधली काळोखी. झाडाला आकार देते ती ही काळोखी. म्हणून बारीक तारा पिळून खोड आणि फांद्या करायच्या, त्यावर कापूस पिंजावा तसा कृत्रिम धाग्याचा गुंता आरपार दिसेल इतका विरळ ताणायचा, आणि मग त्यावर फोमचा चुरा. खालून गडद हिरवा, वरून फिकट पोपटी. झाडातून आभाळाचे कवडसे दिसले पाहिजेत. ते दिसत नसतील तर तुम्ही ब्रोकोली केलीत.

जंगल करायचं असेल तर मात्र एवढी मेहनत वाया आहे. गर्द रानाची खोडं कडेच्या रांगेतच दिसतात. पुढची रांग नीट करा, मागे फोमच्या गोळ्यांची नुसती छत्री अंथरा.

पाणी, म्हणजे रंगवलेली जमीन

नदीचं पाणी नदीच्या तळावर रंगात तयार होतं. मधे गडद, काठाकडे उजळ आणि मातकट, अशा छटा एकमेकींत विरघळवायच्या आणि वर चकाकणारा पारदर्शक थर द्यायचा. शंभर मीटरवरून पाण्याची खोली दिसत नाही, रंग आणि चमक दिसते.

बरेच जण दोन भागांचं इपॉक्सी रेझिन ओततात. छान दिसतं, पण त्यालाही पृष्ठताण आहेच. काठाला भिडलं की ते एक-दोन मिलिमीटर वर चढतं, पेल्यात पाणी कडेला चढतं तसं. पेल्यात ते दिसत नाही, झेडमध्ये मात्र ती २०-४० सेंटिमीटर उंचीची चकचकीत किनार होते आणि नदी काठाला बिलगून वर निघाल्यासारखी दिसते. नंतर त्या किनारीवर कोरडी माती आणि गवत लावून ती लपवावी लागते. मी आता छोट्या प्रमाणात रेझिन वापरतच नाही. ॲक्रिलिकचं चकाकीचं माध्यम ब्रशने तीन-चार पातळ थरांत लावते, आणि शेवटचा थर ओला असताना ब्रशच्या टोकाने टिपत जाते. अर्ध्या मीटरची लाट झेडमध्ये सव्वादोन मिलिमीटरची होते; शांत नदीला त्याच्या दहाव्या हिश्श्याचे तरंग पुरतात.

रंग का विटवायचे

जुने जाणते सांगतात की खऱ्या वस्तूचा खरा रंग लावू नका, थोडा पांढरा-राखाडी मिसळा. कारण म्हणून मधल्या हवेचा हवाला दिला जातो. सल्ला बरोबर आहे, कारण अर्धवट. १३० मीटर हवेने रंग फारसा फिका पडत नाही. खरं कारण प्रकाशात आहे. दुपारच्या उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, घरातल्या दिव्याखाली काहीशे. तोच गडद हिरवा बाहेर हिरवा दिसतो आणि घरात काळा. शिवाय लांबून बघताना ऊन, सावली, धूळ, वाळकं पान सगळं एकमेकांत मिसळून एक मवाळ रंग होतो. आपल्याला तो मिसळलेला रंग लावायचा असतो. चकाकीही घालवायची; पाणी, काच आणि रुळाचा माथा सोडला तर लेआउटवर काहीही चमकता कामा नये.

हवेचं काम सुरू होतं मागच्या पडद्यावर. झेडमध्ये ४० सेंटिमीटर खोलीची फळी फक्त ८८ मीटर जमीन असते. तिच्यामागे रंगवलेला डोंगर पाच किलोमीटरवरचा आहे, आणि एका पेरभर जागेत ती सगळी दरी उडी मारून पार करायची आहे. तिथे निळसर राखाडी रंग लागतोच, तपशील जवळजवळ शून्य, कडा मऊ. दुरून डोंगर साजरे दिसतात ते मधल्या हवेने त्यांचे काटेकुटे पुसल्यामुळे.

पडदा आणि फळी जुळतात ती रेघ झाडांनी किंवा छोट्या चढाने लपवावी. झाड मात्र पडद्याला खेटून नको, नाहीतर त्याची सावली आभाळावर पडते आणि सगळं मुसळ केरात. दिवेही शक्यतो एकाच दिशेने आणि लांबून. दोन बाजूंनी दोन दिवे लावले की प्रत्येक खांबाला दोन सावल्या, आणि आकाशात दोन सूर्य.

जागा कमी असेल तर प्रमाणच मागे मागे घटवत न्यायचं. समोर एनची गाडी, मधे झेडची घरं, अगदी मागे त्याहून लहान. लंडनच्या मॉडेल रेल्वे क्लबचा ‘कोपनहेगन फील्ड्स’ हा याचा नावाजलेला नमुना. समोरचे रूळ दोन मिलिमीटरला एक फूट या प्रमाणात, म्हणजे जवळपास एनएवढे, आणि मागे जाता जाता घरं लहान लहान होत जातात. शहर क्षितिजापर्यंत पसरल्यासारखं वाटतं. एक अट मात्र आहे. हा खेळ एकाच उंचीवरून आणि समोरूनच बघायचा असतो. कडेला जाऊन डोकावलं की मागची घरं खुजी पडलेली दिसतात. आणि मागच्या रस्त्यावरून समोरच्या मापाची मोटार कधीच जाऊ द्यायची नाही.

गाडी चालू झाल्यावर

इतकं करून बसवलेला देखावा गाडीचा वेग एका क्षणात मोडतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे झेडमध्ये सेकंदाला साडेसात सेंटिमीटर. एक मीटर पार करायला तेरा सेकंद. बहुतेक जण याच्या तिप्पट-चौपट वेगाने पळवतात. एकदा घड्याळ लावून हळू चालवून बघा. डबे मोजता येतात, पुलावरून गाडी जाताना बघायला सवड मिळते आणि तोच लेआउट लांब वाटायला लागतो.

रूळही जाड असतात. झेडचा नेहमीचा रूळ दीड मिलिमीटरचा, म्हणजे ३३ सेंटिमीटर. खरा रूळ त्याच्या निम्मा. तो बदलता येत नाही, पण दोन्ही बाजूंना गंजाचा मंद तपकिरी रंग दिला आणि फक्त माथा चकचकीत ठेवला तर डोळा माथ्याची बारीक रेघ धरतो आणि उंची विसरतो. एका संध्याकाळचं काम आहे. ते खडी घालण्याआधी करा, नंतर करायला बसलात तर खडीही तपकिरी होते.

आणि धूळ. घरातली धूळ प्रमाणाप्रमाणे लहान होत नाही. स्वेटरमधून सुटलेला दोन मिलिमीटरचा लोकरीचा तंतू झेडच्या छपरावर पडला की तिथे ४४ सेंटिमीटरचा दोरखंड पडलेला दिसतो. फुंकर मारली तर तो गवतात जाऊन बसतो आणि मग निघत नाही. मी गालाला पावडर लावायचा मऊ ब्रश ठेवलाय, रूळ सोडून बाकी सगळ्यावर तो फिरवते, वरून खाली, आधी झाडं, मग छपरं, शेवटी फलाट. आठ मिलिमीटरच्या त्या माणसाजवळ पोचले की श्वास रोखून धरते. तो आतापर्यंत दोनदा उडालाय आणि दोन्ही वेळा नदीत सापडलाय.